आरसे जुळवताना

कोपर स्टेशनजवळच्या सोसायटीच्या गच्चीवर साटमकाकू वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. शेजारीच सिद्धेश आपल्या दुर्बिणीचे आरसे जुळवत बसलेला. त्याला समोर उजळ भिंत लागते, म्हणून नळीचं तोंड त्याने पलीकडच्या बिल्डिंगकडे केलेलं. खालून कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि काकूंचे यजमान, म्हणजे आमचे सेक्रेटरी साटमकाका, तणतणत वर आले.

"लाज नाय वाटत? लोकांच्या खिडकीत बघतोस?"

"नाही काका, मी आरसे..."

"सरक. मीच बघतो काय काय दिसतं ते."

एक डोळा मिटून काका नळीवर वाकले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "खिडकी कुठाय रे? जरा डावीकडे फिरव ना."

"खिडकी नाही दिसणार, काका. बघायचं भिंग काढून ठेवलंय. आरसे नीट जुळले की आत फक्त बघणाऱ्याचा डोळा दिसतो."

तो दिसला. गोल आरशाच्या अगदी मधोमध, टक्क उघडा.

काका वाकलेलेच राहिले.

 

मागे कुरडया डब्यात पडायचा आवाज केव्हाच थांबला होता.