दहाव्या चित्राचं नाव

ग्रीसमधल्या त्या बेटावर, नगरपालिकेच्या सभागृहात मी स्वातंत्र्ययुद्धातल्या वीरांची दहा चित्रं लावत होते. नऊ कप्तानांच्या मिशाही भारदस्त, नावंही भारदस्त. दहावी एक बाई. ओच्यात बंदुकीची दारू लपवून ती शत्रूच्या पहाऱ्यातून गेली होती.

फरशी पुसणाऱ्या म्हातारीनं हात थांबवला. "चष्मा घरी राहिलाय. हिच्याखाली काय लिहिलंयस?"

"स्टाथिसची बायको. जुन्या दप्तरात तेवढंच सापडलं, आजी."

"स्टाथिस आमचाच पूर्वज. पण बायको हे काय नाव झालं?"

"खरं नाव कुणालाच ठाऊक नाही."

"मला आहे. आमच्यात नातीला आजीचं नाव ठेवतात. माझं माझ्या आजीचं, तिचं तिच्या आजीचं, आणि तिची आजी म्हणजे ही."

"मग तुमचं नाव काय?"

तिनं हातातलं फडकं बादलीत पिळलं. सगळं गाव तिला यानिसची बायको म्हणायचं. आठवडाभर रोज भेटत होतो, पण मीही कधी विचारलं नव्हतं.

"लग्न झाल्यापासून कुणी या नावानं हाक मारली नाही," ती म्हणाली. मग हळूच पुढे बोलली, "गारुफालिया."

मी जुनी अक्षरं खोडून ते नाव रंगवलं.

"बरोबर लिहिलंयस ना? वाच बघू."

मी चित्राकडे बघत मोठ्यानं वाचलं, "गारुफालिया."

"ओ," माझ्या पाठीमागून आवाज आला.