संथ आणि अपेक्षित

"आता ही दार उघडणार. खोली रिकामी असणार. आणि मारेकरीण हिच्या पाठीशीच उभी असणार. लावा पैज, अण्णा!"

लेक वर्तमानपत्रात मालिकांची परीक्षणं लिहायची. ही ॲनिमेशन मालिका पाच मारेकरी बायकांची होती आणि सहाव्या भागापर्यंत लेकीचा जीव मेटाकुटीला आला होता. एकेक बाई सुरी काढायची आणि त्या सुरीकडेच बघत बसायची. परीक्षणाची पहिली ओळ लिहूनही झाली होती : 'संथ, आणि पुढचं सगळं आधीच कळणारी.' पाचच्या आत मजकूर पाठवायचा होता, म्हणून तिने मालिका दीडपट वेगाने लावली होती.

शेजारच्या खुर्चीत अण्णा होते. तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवलेला माणूस. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं गेलं. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे. त्यांनी 'उ' म्हणायच्या आत लेक उशी द्यायची. 'खि' म्हणायच्या आत खिडकी उघडायची. एकटीच सगळं बघायची, जीव तोडून करायची. "तुम्ही नका त्रास घेऊ, मला कळतं," असं म्हणायची. अण्णा मान हलवायचे.

आज मात्र त्यांनी डाव्या हाताने रिमोट ओढला आणि वेग पुन्हा कमी केला.

"अहो अण्णा, आधीच ही बया..." ती म्हणेपर्यंत तिचा फोन वाजला. संपादक होते. ते बोलत सुटले, ही नुसती ऐकत राहिली.

पडद्यावरची बाई कडीवर हात ठेवून उभी होती. खिडकीचा पडदा हलला. पुन्हा हलला. पुरं एक मिनिट काहीच घडलं नाही.

"पा... ठी... शी," अण्णा म्हणाले.

आणि मग सावली पुढे सरकली.

लेकीने फोन ठेवला. अण्णा हसत होते. मारेकरणीच्या आधी ते पोचले होते.

पुढचे दोन भाग तिने त्याच वेगाने पाहिले, तोंडातून चकार शब्द न काढता. पेला ओठांना लागण्याआधी अण्णा "विष" म्हणाले. बुरखा उतरण्याआधी "बहीण" म्हणाले. दोन्ही वेळा तिला ते केव्हाच कळलं होतं. दोन्ही वेळा तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

परीक्षण वेळेत गेलं. पहिली ओळ तिने बदलली नाही. खाली एक जोडली : 'ज्यांना घाई नाही, त्यांनी जरूर पाहावी.'

मग ती स्वयंपाकघराकडे वळली आणि दारातच थांबली. सहा महिने रोज पाच वाजता ती न विचारता अण्णांच्या हातात कप द्यायची. तेही निमूट संपवायचे.

"अण्णा, चहा ठेवू?"

अण्णांचे ओठ हलले. काही उमटलं नाही. 'हो' तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि चौकट धरून उभी राहिली. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली, ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तरी लेक उभीच.

अण्णांनी एकेक शब्द नीट जुळवला.

"तुझा... चहा... फार... पांचट... असतो गं."