तिसरी सही

टेबलावर दोन टॅब ठेवले होते. दोन्ही घरच्याच कारखान्यातले, दिसायला अगदी सारखे. फरक फक्त आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. पहिल्यात धाकट्या भावाने नऊ वर्षं खपून लिहिलेली, दुसऱ्यात एका बड्या कंपनीची, आयती आणलेली. पुढच्या महिन्यापासून सगळ्या टॅबमध्ये यांतली एकच जाणार होती. धाकट्याची गेली नाही, तर वरच्या मजल्यावरचा त्याचा अकरा माणसांचा विभाग बंद.

थोरल्याचं मत आयतीला होतं. धाकट्याचं सांगायला नको. कंपनीतली तिसरी भागीदार आई, त्यामुळे निकाल तिच्या सहीवर येऊन अडला होता. तिने एकच अट घातली होती.

"कुठला कुणाचा ते मला सांगायचं नाही. कळलं की माझा हात तिकडेच जाईल."

आईने चष्मा पुसला. तिची उमेदीची वर्षं तयार माल तपासण्यात गेलेली. तिला घाई नव्हती. पहिला टॅब उचलून तिने नातीचा फोटो उघडला, मोठा केला, दोन ओळींची चिठ्ठी लिहिली. मग बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वर्तुळ फिरत राहिलं.

"हा थोरल्यावर गेलाय," ती म्हणाली. "हाक मारली की आधी विचार करणार, मग ओ देणार."

थोरला हसला. धाकटा त्या वर्तुळाकडे बघत होता. ते नेमकं कुठे अडतं हे त्याला ठाऊक होतं. दुरुस्तीला आणखी चार महिने हवे होते.

दुसऱ्या टॅबवर आईने तेच सगळं निम्म्या वेळात उरकलं. पडद्यावर मावशी लगेच दिसली, केसांना कलप लावलेली.

"अगं, सांगून तरी लावायचास फोन!"

"छान दिसतेयस. ठेव आता," म्हणत आईने तो टॅब छातीशी धरला. "हाच. मला वाटलंच होतं. नवव्या महिन्यात धावत सुटलेला पोरगा, त्याचं काम असंच असणार."

थोरल्याने मान वर केली. "आई, तो..."

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला.

"का राहू दे? तुम्ही सांगितलं नाहीत, मीच ओळखलं." आईने कागद पुढे ओढला, 'टॅब क्रमांक दोन' असं लिहिलं आणि खाली सावकाश सही केली. "नऊ वर्षं कोण काय काय बोललं याला. मी एकटी म्हणत होते, जरा दम धरा." ती धाकट्याकडे वळली. "तुझाच ना रे हा?"

थोरला खिडकीबाहेर बघायला लागला.

"माझाच, आई."

"मग बंद कसा करायचा ते दाखव. मघापासून शोधतेय."

धाकट्याने टॅब हातात घेतला. त्याचं बोट सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. तिथे काहीच नव्हतं.