एकोणिसावं हृदय

बोरकर मॅडमनी बाकांवरच्या मुली पुन्हा मोजल्या. अठराच होत्या. विद्यापीठाच्या वायफायनं मात्र ठोके ओळखून बाकांवरच्या एकोणीस हृदयांची हजेरी लावली होती, आणि ती हजेरी संध्याकाळी सगळ्यांच्या घरी जायची. एकोणिसावं इवलंसं हृदय सुनिधीपाशी भराभर धडधडत होतं.

तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवून हजेरीच्या पडद्यावर ते ठोके दाखवले. सुनिधीचा चेहरा पांढराफटक पडला.

“आता घरी कळेल?”

मॅडमनी एकोणीसचे अठरा केले, कारणाच्या रकान्यात ‘यंत्राची चूक’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, “कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. मी आहे.”

सुनिधीनं पडद्यावरच्या त्या इवल्या ठोक्यांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “मॅडम, ठोके नीट पडताहेत ना?”