कागदाचा मासा

शाल्मलीने कागदाचा निळा मासा टाकीच्या काचेवर धरला आणि तिचा चेहरा पडला. टाकी दोन फुटांची आणि पूर्ण वाढलेला मासा एक फुटाचा! त्याला वळायलाही जागा उरत नव्हती.

"दुकानात तर तो माझ्या बोटाएवढा होता, आबा!"

"तूही एकदा पाळण्यात मावत होतीस," आजोबा हसून म्हणाले. "त्याला आपण तिथेच जाऊन भेटत राहू."

मासा मोठा होऊन जेवढा होईल तेवढा कागद कापायचा, काचेवर धरायचा आणि मगच निवड करायची, हा आबांचा नियम. खाऱ्या पाण्याची टाकी तयार व्हायला दीड महिना लागला होता. आता चुकीचा मासा आणून चालणार नव्हतं. शाल्मलीने पुन्हा कात्री घेतली. तीन-तीन इंचांचे दोन केशरी कागदी विदूषक मासे काचेवर ऐसपैस फिरले.

दुकानात मुजावरकाका केशरी जोडी पिशवीत भरत होते. आबा मात्र कोपऱ्यातल्या काचेला नाक लावून उभे होते. आत बोटभर सिंहमासा पंख्यासारखे पर पसरून तरंगत होता.

"मुजावर, हाही द्या! काय रुबाब आहे लेकाचा!"

"काका, हा मोठा होऊन केवढा होतो?" शाल्मलीने विचारलं.

"सव्वा फूट. आणि शेजाऱ्यांना गिळतो."

शाल्मलीने खांद्यावरच्या पिशवीतून कागद आणि कात्री काढून आबांसमोर धरली. आबांनी कान पकडले.

तिने त्यांचा हात हातात घेतला. "रुसू नका. त्याला आपण इथेच येऊन भेटत राहू."