लांबचा आवाज

दिगंबरने कंपनी विकली, बॅग भरली आणि टोरांटोहून आईला फोन लावला. "आये, मी कायमचा गावी येतोय."

आई आनंदण्याऐवजी दचकली. "नको रे बाबा! मग आमच्या पुलाचं कोण बोलंल?"

जगभर माणसांचं बोलणं पोचवणारं नवं नेटवर्क अंतर मोजायचं. बोलणारा त्याच्या गावापासून जितका लांब, तितकं त्याचं बोलणं जास्त लोकांना ऐकू जाई. मोडक्या पुलापायी अख्खं गाव ओरडून थकलं, पण शेजारच्या गावालाही ते कळलं नाही. दिगंबरने मात्र तिकडून एकदाच त्या पुलाचं नाव काढून देशाला नावं ठेवली. ती चाळीस लाख लोकांनी ऐकली, आणि आठ दिवसांत पुलावर खडी येऊन पडली.

"पूल अर्धाच झालाय, दिगू!" आईमागून काशीमावशी ओरडली. "हितं आलास तर आमच्यासारखाच मुका होशील की!"

"आये, पण मला तुझ्याजवळ राहायचंय."

आईने फोन काशीमावशीपासून लांब नेला. मग हळूच म्हणाली, "तेबी तिथनंच बोल, लेकरा. निदान कुणीतरी ऐकंल."

दिगंबरने भरलेली बॅग पलंगाखाली सरकवली, कॅमेरा चालू केला आणि आवाज चढवून म्हणाला, "आमच्या देशात साधा एक पूलसुद्धा धड होत नाही!"