साहेबांची घंटी

बायको छोट्या लेकीला घेऊन पीएचडीसाठी परदेशी निघाली, तेव्हा साहेबांनी सोबत जायला बिनपगारी रजा काढली आणि कचेरीतल्या टेबलावरची घंटी आठवणीनं बॅगेत घातली. वजन वाढलं म्हणून काढली ती तिची पुस्तकं. तिथल्या दुकानात दूध मागताना त्यांची बोबडी वळायची, पण नातेवाइकांना फोनवर सांगायचे, "हिला मीच शिकवतोय!" दिवसभर सोफ्यावर लोळून घंटी दाबायचे, म्हणजे चहा हवा. पहिले चार दिवस ती हसून उठली; मग कानात बोळे घालून प्रबंध लिहू लागली. घंटी वाजतच राहिली. आज लेकीच्या बालवाडीत पालकांची ओळखपरेड होती. साहेब कोट चढवून बसले. बाईंनी लेकीला विचारलं, "आई काय करते?" "शिकते." "आणि बाबा?" साहेबांनी टाय सारखा केला. "घंटी वाजवतात." बाबा वादक असावेत असं वाटून बाई कौतुकानं हसल्या. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "वाजवल्यावर कोण येतं, तेही सांग," ती लेकीला म्हणाली.